लंगकावी, रेबाक बेट : शिडाच्या बोटीवरचे आठ महिने

आम्ही दोघं आमच्या ३६ फुटी शिडाच्या बोटीवर मलेशियातल्या लंगकावीजवळच्या रेबाक बेटाच्या मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, राहतोय. लाट म्हणाल तर नाहीच. बेटाच्या पोटात तळं, आत शिरायला अरुंद वाट. पहाटे नैर्ऋत्येकडून ‘सुमात्रा’ नावाचं वादळ येतं, बाहेर समुद्र खवळतो आणि इथे ओट्यावरचा चहाचा कप जागचा हलत नाही. माझ्या माहेरी, अलिबागकडे, पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात. इथे त्या दिवसांतही बोट पाण्यातच असते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

उकाडा मात्र सोसावा लागतो. डेकवर ताडपत्री हवीच. बुरशी चामड्याच्या चपलांनाही चढते, म्हणून कपाटं उघडी ठेवते, गाद्या आठवड्याला उन्हात टाकते. बोटीच्या बुडाखालचा जस्ताचा तुकडा तर विसरूच नका. आमचा मुठीएवढा होता, काढला तेव्हा सुपारीएवढा, खडबडीत, पांढरट. खाऱ्या पाण्यात तो झिजतो म्हणून बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा वाचतो.

बाजाराला फेरीबोटीने लंगकावीच्या मोठ्या बेटावर, तिथून कुआह शहरात. लंगकावी १९८७ पासून करमुक्त आहे. तूरडाळ, कढीपत्ता मिळतो. माझं निम्मं समाधान त्यातच. एका एसीवाल्याने आगाऊ पैसे घेतले आणि तीन आठवडे फिरकला नाही. काम झाल्यावरच पैसे द्या.

सकाळी झाडांत धनेश ओरडतात, धक्क्याजवळून घोरपड पोहत जाते. पुढचं वर्षही आम्ही इथेच.