डीसीपी-ओ-मॅटिक: आपल्या सिनेमाची प्रिंट आपणच काढायची तर

महोत्सवाला पाठवायच्या प्रिंटमध्ये सबटायटलची एक चूक सापडते. पुढच्या आठवड्यात श्रेयनामावलीतला नावांचा क्रम बदलतो. मग सहनिर्मात्याचा लोगो येतो. छोट्या बजेटच्या मराठी सिनेमाची डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चालणारी डिजिटल प्रिंट, एकदाच काढून भागत नाही, आणि लॅबमध्ये प्रत्येक नव्या कॉपीचं बिल वेगळं. डीसीपी-ओ-मॅटिकचं मोल इथे कळतं. कार्ल हेदरिंग्टन यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. कुणाला मदत करायची असेल तर लेखकाला ऐच्छिक देणगी देता येते.

एडिटमधून बाहेर पडलेली फाईल घेऊन हे सॉफ्टवेअर थिएटरच्या सर्व्हरला समजणारा फोल्डर बनवतं: जेपेग २००० पद्धतीने दाबलेल्या चित्रांची एक फाईल, आवाजाची वेगळी फाईल आणि काय कशानंतर वाजवायचं याच्या याद्या. हे काम ते चोख करतं. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: महोत्सव, पत्रकारांसाठीचे प्रिव्ह्यू आणि फिल्म सोसायटीचे खेळ यांसाठी त्यावर पूर्ण विसंबावं. बिघाड होतो तो बहुतेक वेळा त्यात घातलेल्या साहित्यामुळे. म्हणून या परीक्षणात साहित्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

चित्रापासून सुरुवात करू. एडिटरकडून प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा ४४४४, म्हणजे कमी दाबलेली, उंची दर्जाची फाईल मागून घ्या. यूट्यूबसाठी काढलेली एच.२६४ फाईल मोठ्या पडद्यावर अंधाऱ्या दृश्यांत लगेच उघडी पडते. पडद्याच्या चौकटी दोन: फ्लॅटची मापं १९९८ × १०८०, जास्त रुंद स्कोपची २०४८ × ८५८. साध्या १९२० × १०८० च्या टाइमलाइनचा सिनेमा फ्लॅटमध्ये बसवला की दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलची काळी पट्टी राहते, ती कुणाच्या नजरेतही येत नाही. खरा घोळ स्कोपमध्ये होतो. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेली १९२० × १०८० ची फाईल आहे तशी दिली, तर स्कोपच्या पडद्यावर सिनेमा मधोमध छोटा दिसतो आणि चारही बाजूंनी काळं राहतं. अशा फाईलला क्रॉपच्या रकान्यात वर १३८ आणि खाली १३८ द्या आणि कंटेनर, म्हणजे डीसीपीची चौकट, स्कोप ठेवा.

काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा सावल्यांमधलं सगळं बुडालं असेल, तर ग्रेडिंगला दोष देण्याआधी व्हिडिओ टॅबमधली रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्यांचा पल्ला, पाहा. फाईल एका रेंजमध्ये बनलेली असते आणि तिच्यावर खूण दुसरीच पडलेली असते. रंगाचं रूपांतर रेक. ७०९ या एचडी व्हिडिओच्या मानकावरून सॉफ्टवेअर स्वतः करतं, तिथे विनाकारण हात घालू नये.

फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, निर्णय शूटिंगच्या आधीच व्हायला हवा, पण अनेकदा तो इथे येऊन ठेपतो. २३.९७६ ची फाईल २४ वर चालवली तर दोन तासांत साधारण ७ सेकंदांचा फरक पडतो, त्याची काळजी नको. २५ वर चित्रित केलेला सिनेमा मात्र २४ वर नेला की ९६ टक्के वेगाने चालतो: १०० मिनिटांचा सिनेमा १०४ मिनिटं १० सेकंदांचा होतो आणि आवाजाची पट्टी साधारण पाऊण सेमीटोनने खाली येते. गाण्यांच्या सिनेमात हे कानाला टोचतं. डीसीपी २५ वरच ठेवायची तर एसएमपीटीई हा डीसीपीचा नवा प्रकार निवडावा लागतो, आणि जुना सर्व्हर ती घेतो का हे त्या थिएटरला आधी विचारावं लागतं.

आता आवाज, कारण सर्वांत जास्त खेळ इथेच फसतात. डीसीपीत ५.१ चा क्रम ठरलेला आहे: डावा, उजवा, मधला, सबवूफर, डावा सराउंड, उजवा सराउंड. मिक्सिंग स्टुडिओतून मात्र पुष्कळदा फिल्मचा जुना क्रम येतो: डावा, मधला, उजवा, दोन सराउंड आणि शेवटी सबवूफर. तो तसाच घेतला तर संवाद उजव्या स्पीकरमधून येतात, डावा सराउंड सबवूफरमध्ये जातो आणि सबवूफरचा दणका मागच्या उजव्या भिंतीवरून येतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर सगळं एकत्र मिसळत असल्याने यातलं काही कळत नाही. उपाय सोपा: स्टुडिओकडून सहा स्वतंत्र मोनो वेव्ह फाईली मागा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. नावाच्या शेवटी वाहिनीची खूण असेल तर सॉफ्टवेअर ती ओळखून जागेवर लावतं. तरी ऑडिओ टॅबमधला तक्ता स्वतः ओळीने तपासा.

फक्त स्टीरिओ मिक्स असेल तर संवादांना मधला स्पीकर मिळत नाही आणि कडेच्या खुर्चीत बसलेल्याला माणसं भिंतीतून बोलल्यासारखी वाटतात. सॉफ्टवेअरमध्ये स्टीरिओपासून ५.१ करण्याची सोय आहे. ती तात्पुरती डागडुजी समजावी, खऱ्या थिएटर मिक्सची जागा ती घेत नाही. पातळीचंही तेच. थिएटरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, ७ वर असतो तेव्हा आवाज ८५ डेसिबलच्या संदर्भपातळीला जुळलेला असतो. टीव्हीसाठी केलेला मिक्स तिथे कर्कश लागतो, मग प्रोजेक्शनिस्ट फेडर खाली आणतो आणि हळू बोललेले संवाद हरवतात.

सबटायटलची सोय हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत गुणी भाग. एसआरटी, म्हणजे सबटायटलांची साधी मजकूर फाईल घाला, फाँट आणि जागा ठरवा, मग दोन वाटा आहेत: अक्षरं चित्रात कायमची छापायची की वेगळी ठेवायची. इंग्रजी सबटायटल वेगळी ठेवलेली बरी. मूळ सिनेमाची एक डीसीपी काढा आणि तिच्यावर बेतलेली, फक्त सबटायटलांची व्हर्जन फाईल दुसरी. ही दुसरी फाईल अगदी लहान असते, त्यामुळे शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठी सव्वाशे जीबी पुन्हा काढावे लागत नाहीत. पुण्याच्या महोत्सवाला सबटायटलसह आणि दादरच्या खेळाला त्याविना, असं एकाच संचातून जमतं. देवनागरी अक्षरं मात्र चित्रात छापूनच घ्या. वेगळी ठेवली तर ती थिएटरचं यंत्र उमटवतं, आणि काही यंत्रांवर जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या भलत्याच जागी जातात.

सेन्सॉर प्रमाणपत्राची पाटी स्थिर चित्र म्हणून सुरुवातीला जोडता येते, तिची लांबी टायमिंग टॅबमध्ये द्यायची. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाले आहेत, म्हणून जुन्या नमुन्यावरून पाटी बनवू नका. धूम्रपानाची दृश्यं असतील तर सुरुवातीला आणि मध्याला ३० सेकंदांचे आरोग्यसंदेश लागतात, म्हणजे इंटरव्हल कुठे हे टाइमलाइनवर आधीच पक्कं हवं. रीळ, म्हणजे डीसीपीतला सिनेमाचा भाग, त्याच फ्रेमवर तोडा आणि प्रोजेक्शनिस्टला ती वेळ कागदावर लिहून द्या.

वेळेचा हिशेब असा. दोन तासांचा सिनेमा म्हणजे १,७२,८०० फ्रेम. लॅपटॉप सेकंदाला ३ फ्रेम दाबत असेल तर १६ तास, बऱ्यापैकी डेस्कटॉप ८ दाबत असेल तर ६ तास. बहुतेक भार प्रोसेसरवर असतो. मे महिन्यात बंद खोलीत लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो, हे गृहीत धरून एक रात्र हाताशी ठेवा. काम मधेच थांबलं तर पुन्हा सुरू केल्यावर झालेल्या फ्रेम वाया जात नाहीत. सोबतीला दुसरं यंत्र लावण्यासाठी एन्कोड सर्व्हर नावाचा भाग आहे, पण दोन्हींकडे एकच आवृत्ती हवी आणि जोडणी गिगाबिट केबलने. कच्च्या फ्रेम एकेकी १३ एमबीच्या जातात, वाय-फायला त्या झेपत नाहीत.

बिटरेट, म्हणजे चित्राला सेकंदागणिक लागणारा डेटा, १५० मेगाबिट ठेवला तर दोन तासांचं चित्र साधारण १३५ जीबी होतं, कमाल २५० ठेवला तर २२५ जीबी. दाणेदार किंवा रात्रीची दृश्यं जास्त नसतील तर १५० पुरे. दोन मिनिटांचा ट्रेलर सव्वादोन जीबीत बसतो आणि पेनड्राइव्हवर नेता येतो. पूर्ण सिनेमा मात्र लिनक्सच्या ईएक्सटी पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर द्यावा, त्यासाठी डिस्क रायटर सोबतच येतो. एक्सफॅट डिस्क घेऊन गेलात तर काही सर्व्हर ती वाचतच नाहीत, आणि हे खेळाच्या अर्धा तास आधी कळतं. डिस्क लिहिण्यापूर्वी तिचं नाव दोनदा वाचा, कारण आधीचं सगळं पुसलं जातं.

आता मर्यादा. महाराष्ट्रभर प्रदर्शन करायचं असेल तर या सॉफ्टवेअरने काम संपत नाही. यूएफओ किंवा क्यूबसारख्या कंपन्यांमार्फत सिनेमा थिएटरांत जातो. त्यांची मास्टर घेण्याची, कुलूप लावण्याची आणि शुल्क आकारण्याची पद्धत स्वतंत्र आहे, आणि अनेक एकपडदा थिएटरांतल्या यंत्रणा डीसीपी थेट वाजवत नाहीत. तिथे तुमची डीसीपी फार तर तुलनेसाठी उपयोगी पडेल. छोट्या सभागृहांत डीसीपी सर्व्हर नसतो, त्यांच्यासाठी याच प्रकल्पातून प्रोरेस किंवा एच.२६४ फाईल काढता येते.

डीसीपी तयार झाली की सोबतच्या व्हेरिफायरमधून तपासा, पण त्यावर थांबू नका. अंधेरी, जुहू किंवा वांद्र्याच्या एखाद्या प्रिव्ह्यू थिएटरचा एक तास बुक करा. पहिली दहा मिनिटं, प्रत्येक रिळाचा सांधा, सर्वांत अंधारं दृश्य, सर्वांत हळू संवाद आणि शेवटची श्रेयनामावली, एवढं पाहायला तास पुरतो. उरलेला सिनेमा घरी प्लेअरवर पूर्ण बघा, ओठ आणि आवाज जुळतात का यावर लक्ष ठेवून.

कुलूपबंद डीसीपी काढणार असाल तर किल्ल्या, म्हणजे केडीएम, हेच सॉफ्टवेअर बनवतं. त्या स्क्रीनच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र आणि खेळाची तारीख-वेळ लागते. टाइम झोन +५:३० आहे ना, ते पाहा. तो शून्यावर राहिला तर दुपारी १२ ची किल्ली साडेपाचला उघडते. किल्लीची मुदत खेळाच्या आदल्या दिवसापासून सुरू करा, म्हणजे थिएटरला चाचणी घेता येईल. आणि डीसीपी सोपवून झाल्यावर प्रकल्पाचा फोल्डर पुसू नका. मूळ किल्ली त्यातच असते. तो गेला आणि आधी काढून ठेवलेला डीकेडीएम, म्हणजे पुढच्या किल्ल्या बनवायला लागणारी स्वतःसाठीची किल्लीही नसेल, तर पुढच्या थिएटरसाठी किल्ली बनवता येणार नाही आणि अख्खी डीसीपी नव्याने काढावी लागेल. फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी ठेवा.