मेकॅनिक गाडी आधीच गरम करून ठेवायचा आणि माझ्यासमोर एका सेल्फमध्ये चालू करून दाखवायचा

ज्यांच्याकडे जुनी कार्बोरेटरवाली गाडी आहे आणि सकाळी थंड इंजिनवर ती लवकर चालू होत नाही, त्यांनी गॅरेजला जायच्या आधी हे वाचा. माझे चार महिने गेले, पैसे गेले ते वेगळेच, आणि शेवटी दोष काय निघाला तर चोकची सरकलेली वायर आणि कार्बोरेटरमधला (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) एक छोटासा कडक झालेला डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा.

त्रास असा होता की रात्रभर उभी राहिली की सकाळी पाच-सहा वेळा लांब सेल्फ मारावा लागायचा, मग कशीबशी धरायची, अ‍ॅक्सिलेटर दाबला की गचका देऊन बंद पडायची. एकदा गरम झाली की दिवसभर काहीच तक्रार नाही. एकदा खूप सेल्फ मारून झाल्यावर मी प्लग काढून बघितले तर चारही कोरडे, पेट्रोलचा वाससुद्धा नाही. हे मी मेकॅनिकला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एवढा सेल्फ मारूनही प्लग कोरडे म्हणजे सिलिंडरपर्यंत पेट्रोलच पुरेसं पोचत नाहीये, आधी तिकडे बघायला हवं. त्याने ऐकून घेतलं आणि प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल, म्हणजे पेट्रोलचं सोडून ठिणगीचंच सगळं बदलून टाकलं.

दुपारी गाडी घ्यायला गेलो तर एका सेल्फमध्ये चालू. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच रडगाणं. परत गेलो, म्हणाला "साहेब कार्बोरेटर गेलाय, आतून झिजलाय, नवीन टाकावा लागेल", टाका म्हटलं. परत दुपारी बोलावलं, परत एका सेल्फमध्ये चालू, आणि परत सकाळी ठप्प. असं तीन वेळा झालं तरी माझ्या लक्षात आलं नाही की हा मला प्रत्येक वेळी गरम इंजिन दाखवतोय. मी पोचायच्या आधी तो गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून ठेवायचा. हे मला पुढे कळलं, तिथे रेडिएटरला सहज हात लागला आणि चटका बसला तेव्हा.

यातली मेख नीट समजून घ्या. थंड इंजिनमध्ये पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) थंड भिंतींना चिकटून राहतं, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि मिश्रण एकदम घट्ट करायचं. गरम इंजिनला एका भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, थंडीत चालू करताना त्याच्या कितीतरी पट जास्त पेट्रोल द्यावं लागतं. इंजिन गरम असलं की चोकची गरजच नाही, म्हणजे चोक मोडलेला असला तरी गाडी झटक्यात चालू होते. त्यामुळे या बिघाडात फसवणं फार सोपं आहे, गरम गाडी दाखवली की गिऱ्हाईक पैसे देऊन जातं.

चौथ्या वेळी त्याने डायल काढला. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणारा) एका सिलिंडरला लावला, मला सेल्फ मारायला लावलं आणि काटा दाखवला, ७० पीएसआय. "इंजिन बसलंय, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, खोलावं लागेल." काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर माझा धीरच सुटला, आणि इंजिनकामासाठी मी अ‍ॅडव्हान्स देऊन आलो.

रात्री झोप लागेना कारण गाडी चढावर कधी दमली नव्हती आणि ऑइलही खात नव्हती, मग रिंगा कशा गेल्या? दुसऱ्या दिवशी गाडी अजून खोललेली नाही हे बघून घरी घेऊन आलो, ओळखीच्यांकडून गेज आणला आणि पुस्तकात दिल्याप्रमाणे टेस्ट केली. इंजिन चांगलं गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, चोक आत, आणि अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबलेला. चारही सिलिंडर १२० ते १२५! त्याने टेस्ट केली होती ती थंड इंजिनवर, बाकीचे तीन प्लग तसेच ठेवून, चोक ओढलेला आणि थ्रॉटल (पेडल दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) बंद. हवा आत जायला वाटच नाही तर प्रेशर कुठून येणार. हे चुकून होत नाही, ज्याला गेज धरता येतो त्याला हे माहीत असतंच.

मग एअर फिल्टर काढला आणि मुलाला आत बसवून चोक ओढायला सांगितला. चोकची पाती अर्ध्यावरच थांबत होती. वायरचं बाहेरचं कव्हर क्लॅम्पमधून सरकलं होतं, नॉब पूर्ण बाहेर आला तरी पाती मिटतच नव्हती. स्क्रू सैल करून कव्हर मागे घेतलं, परत आवळलं, पाती पूर्ण मिटायला लागली. मग इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या नरड्यात बघत हाताने थ्रॉटल उघडला, तिथे पेट्रोलची बारीक पिचकारी दिसायला हवी, एक थेंब नाही. अ‍ॅक्सिलेटर पंपाचा (पेडल दाबताच जादा पेट्रोल फवारतो तो) डायफ्राम वाळून कडक झालेला. गचका यायचा तो याच्यामुळे.

आता "नवीन" कार्बोरेटरमध्ये वाळलेला डायफ्राम कसा? झाकणाकडे नीट बघितलं आणि अंगावर काटा आला. काही वर्षांपूर्वी झाकणाच्या एका स्क्रूचे आटे गेले होते म्हणून मी स्वतः तिथे अ‍ॅलन-कीचा स्क्रू बसवला होता. तोच स्क्रू, त्याच जागी. माझाच कार्बोरेटर बाहेरून धुवून चकचकीत करून नवीन म्हणून लावला होता.

विचारायला गेलो तर म्हणाला तुमचा स्क्रू चांगला होता म्हणून नव्यावर लावला. बरं, मग जुना कार्बोरेटर दाखव. तो भंगारात गेला म्हणे. बिलावर फक्त "कार्बोरेटर काम" एवढंच लिहिलेलं, त्यामुळे माझ्या हातात काहीच नाही. बराच वाद घातल्यावर अ‍ॅडव्हान्स निम्मा परत मिळाला.

म्हणून कळकळीने सांगतो, थंड स्टार्टचा बिघाड असेल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला लावा आणि सकाळी सेल्फ तुमच्यासमोर मारायला सांगा, त्याआधी रेडिएटरला हात लावून बघा (फक्त हात, गरम असताना झाकण कधीही उघडू नका). काढलेला पार्ट त्याच दिवशी मागून घ्या, बिलावर पार्टचं नाव आणि नंबर लिहून घ्या. आणि कॉम्प्रेशन दाखवत असेल तर थ्रॉटल उघडा आहे का ते पहिलं विचारा.

पंपाचा डायफ्राम आणि गॅस्केटचं किट मी स्वतः बसवलं, एक दुपार गेली. आता सकाळी चोक पूर्ण ओढायचा, अ‍ॅक्सिलेटर दोनदा दाबायचा, दुसऱ्या सेल्फला गाडी धरते, मग मिनिटभराने चोक हळूहळू आत. उरलेला निम्मा अ‍ॅडव्हान्स अजून यायचाय.