निळा पंप की स्टेरॉइडचा पंप?

इंदूरला रामबागेत आमच्या आत्याच्या उशाशी दम्याचे दोन पंप असतात. दिवाळीत फटाक्यांचा धूर घरात शिरला की तिचा हात आपसूक निळ्याकडे जातो.

त्यातल्या साल्ब्युटामॉलला पेशीच्या आत जावंच लागत नाही. श्वासनलिकेच्या स्नायूपेशींवर बीटा-2 रिसेप्टर असतात, दारावरच्या घंटेसारखे. औषधाने बाहेरून घंटा दाबली की आत सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीतला निरोप पोचवणारा रेणू, वाढतो आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. काही मिनिटांत छातीतली शिट्टी थांबते. मग आत्याच्या हातातली चहाची बशी मात्र थरथरते, कारण हेच रिसेप्टर हातापायांच्या स्नायूंवरही आहेत. असर 4 ते 6 तास. (याच कुळातल्या रिसेप्टरांच्या अभ्यासासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना 2012चं नोबेल मिळालं.)

स्टेरॉइड घंटा वाजवत नाही, सरळ आत शिरतं. पेशीतल्या रिसेप्टरला धरून केंद्रकात जातं आणि सूज वाढवणारी जनुकं दाबतं. याला वेळ लागतो, म्हणून आत्या म्हणते, "याने काही होत नाही गं."

होतं, आत्या! सारखा निळा पंप ओढला तर पेशी बीटा-2 रिसेप्टर कमी करते. स्टेरॉइड ते वाढवायला मदत करतं. सूजही तेच उतरवतं. माझं मत स्पष्ट आहे: रोजचा पंप स्टेरॉइडचाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आणि घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.