वजन घटवण्याची शस्त्रक्रिया उघडी की दुर्बिणीची? जखमेतील जंतुसंसर्गाच्या दृष्टीने तुलना

उघड्या शस्त्रक्रियेत पोटावर एक लांब छेद घ्यावा लागतो, आणि त्वचेखालील चरबीच्या जाड थराला रक्तपुरवठा मुळातच कमी असल्याने तेथे प्राणवायू व प्रतिजैविक दोन्ही अपुरे पोहोचतात. शिवाय थरांमध्ये पोकळी राहून द्रव साचला, की जंतूंना वाढायला आयती जागा मिळते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छेद साधारण ५ ते १५ मिलिमीटरचे असल्याने हा धोका स्पष्टपणे कमी होतो. तो संपत मात्र नाही. बायपासमध्ये, म्हणजे जठराचा छोटा भाग थेट आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेत, गोलाकार स्टेपलर (हा जोड टाचण्यांनी पक्का करणारे उपकरण) पोटाच्या भिंतीतून आत-बाहेर नेताना आतील जंतू त्या छेदाला लागू शकतात, म्हणून तेथे संरक्षक आवरण वापरलेच पाहिजे, असे मला वाटते.

मधुमेह आणि धूम्रपान दोन्ही पद्धतींत धोका वाढवतात. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सेफाझोलिन या प्रतिजैविकाची मात्राही वजनानुसार हवी. प्रौढांसाठी ती सहसा २ ग्रॅम, तर वजन १२० किलो किंवा अधिक असल्यास ३ ग्रॅम सुचवली जाते, आणि ती छेदापूर्वीच्या ६० मिनिटांत द्यावी लागते. आधीच्या शस्त्रक्रियांमुळे पोटातील अवयव एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील, तर उघडा मार्गच अधिक सुरक्षित ठरू शकतो.