आंबूस वास आला, तिथेच गाडी थांबवायला हवी होती

आमची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा काढून आत दोन बाक, छोटा ओटा, पाण्याची टाकी. मागच्या कोपऱ्यात, जिथे कॅरिअरचे पाय छताला बोल्टने आवळलेत, तिथून पाणी झिरपायचं. पण तिथे आतून प्लायचं अस्तर, त्यामुळे हात जात नाही.

साताऱ्यात एकाने अस्तर उघडून काम करायचे 14 हजार सांगितले. महामार्गालगतच्या दुसऱ्याने साडेनऊ. "पीयू सीलंट मारतो साहेब, आठ नळ्या. प्लाय उघडायचं कामच नाय, भोक पाडून आत फोम सोडतो. पाणी सोडा, मुंगी जायची नाय." पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, फटी बुजवायचा रबरासारखा माल. साडेचार हजार वाचले म्हणून मी खूश.

दीड तासात गाडी तयार. दार उघडलं तर लोणचं बिघडल्यासारखा वास. "नवा माल हाय, मारणारच." वास ॲसिटिक सिलिकॉनचा होता, बेसिनच्या कडेला लावतात त्याचा. ते सुकताना आम्ल सोडतं, उघड्या पत्र्याला गंज चढवतं, वर रंग धरत नाही. पीयूला असा आंबूस वास नसतो. रिकाम्या नळ्या दाखवा म्हणालो असतो तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. भिडेपोटी म्हणालोच नाही. बिलावरही नुसतं 'लीकेज काम'.

जुलैत कासला निघालो. यवतेश्वरच्या घाटात धो धो पाऊस, आत थेंब नाही. बायकोला म्हटलं, बघ! तिसऱ्या दिवशी घरी, लख्ख उन्हात, मागच्या बाकावर टपटप सुरू. मी टाकी गळतेय समजून अख्खा रविवार तिचे पाइप तपासले. शेवटी प्लाय उचकटलं. फोम पाणी पिऊन बसला होता, दाबला की पिळलेल्या फडक्यासारखा गळायचा. बोल्टच्या भोकांना कुणी हातही लावलेला नव्हता, भोवती गंज मात्र नवा.

परत गेलो तर उत्तर तयार: "प्लाय तुम्ही उघडलंत ना, मग वॉरंटी संपली."

पुढचं काम भाच्याने आणि मी केलं. सगळ्यात वेळ खाल्ला सिलिकॉन खरवडण्यात. त्याचा पातळ थर जरी राहिला तरी वर दुसरं काही धरत नाही. बोल्ट काढले, गंज घासून प्रायमर मारला, पायांखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), बाहेरून पीयू. नंतर भाचा टॉर्च घेऊन आत बसला आणि मी पाइपने खालून वर पाणी सोडत गेलो. आधीच वरून ओतलं तर पाणी कुठून शिरतंय ते कळत नाही, कारण ते पत्र्याच्या आतून वाहत भलतीकडेच टपकतं. कुणाकडूनही काम करून घेतलंत तरी पैसे देण्याआधी ही चाचणी त्याच्या दारातच घ्या, आणि आतला माणूस आपला ठेवा.

अस्तर आता स्क्रूवर बसवलंय. चार स्क्रू काढले की कोपरा दिसतो.