नुसत्या ‘आय-सेव्हन’वर जाऊ नका

‘आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, फक्त ३२ हजार, ३ वर्षं वॉरंटी.’ अशा जाहिरातीवर पैसे पाठवायच्या बेतात असाल तर आधी हे वाचा. माझ्या थोरल्या भावाने पुण्यातल्या एका दुकानातून अशाच जाहिरातीवरून तयार पीसी मागवला. पुतणी कोल्हापूरला आर्किटेक्चरला आहे. ऑटोकॅड, स्केचअप ही आराखड्यांची सॉफ्टवेअर नीट चालावीत आणि रेंडर, म्हणजे आराखड्यावरून बनणारी हुबेहूब चित्रं, वेळेत निघावीत, एवढीच तिची गरज. सुटे पार्ट आणून जोडत बसण्यापेक्षा दुकानदारच जोडून देतोय, वर वॉरंटीही देतोय, हा दादाचा विचार रास्तच होता. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

मशीन दिसायला देखणं. काचेचं कॅबिनेट, रंगीत पंखे, पुढे चकचकीत स्टिकर. पण रेंडर लावला की स्क्रीन काळी. फोन केला की दुकानदाराचं ठरलेलं उत्तर: “ताई, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करू नका, बाकी मशीन एक नंबर आहे.” मला खटकलं ते हेच. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. ते अपडेट करू नका असं विकणारा का सांगेल?

कॅबिनेटच्या स्क्रूवर ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असं स्टिकर होतं, म्हणून न उघडताच बघायला सुरुवात केली. आत कोणता प्रोसेसर आणि कोणतं ग्राफिक्स कार्ड आहे ते दाखवणारी सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड ही दोन फुकट सॉफ्टवेअर टाकली. प्रोसेसर निघाला इंटेल कंपनीचा आय-सेव्हन २६००. तो बाजारात आला जानेवारी २०११ मध्ये. म्हणजे जाहिरातीत शब्दशः खोटं काही नव्हतं, फक्त आकडा खाल्ला होता. आंब्याच्या पेटीवर नुसतं ‘आंबा’ लिहून हापूसचा भाव लावावा, तसं हे. त्या चार आकड्यांतला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. आज बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री १२१०० घेतला तरी त्यात तेवढेच चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं) मिळतात, आणि कामाला तो या जुन्या आय-सेव्हनच्या कितीतरी पुढे आहे. सात हा तीनपेक्षा मोठा, या हिशोबावरच हा सगळा धंदा चालतो.

आणखी एक गोष्ट. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. या मशीनवर विंडोज १० होतं, आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पोरीने यावर पाच वर्षं कॉलेज काढायचं होतं.

ग्राफिक्स कार्डाचा प्रकार तर सरळसरळ लबाडीचा. विंडोजमध्ये नाव दिसत होतं जीटीएक्स १०५० टीआय, पण जीपीयू-झेडने त्याच नावाआधी ‘फेक’ असा शिक्का मारलेला. जुन्या, टाकाऊ कार्डाचं बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्याला नव्या कार्डाचं नाव चिकटवतात. खरा नवा ड्रायव्हर टाकला की सोंग उघडं पडतं, म्हणून तो टाकू नका म्हणायचं. सॉफ्टवेअरशिवायही एक खूण आहे: कार्डामागे निळं व्हीजीए सॉकेट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मॉनिटरची केबल लावायची जागा होती. १०५० टीआय ज्या पिढीतलं आहे, त्या पिढीपासून ते बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने चिपमधून व्हीजीएची सोयच काढून टाकली आहे.

मग दादाच्या परवानगीने झाकण उघडलं, प्रत्येक भागाचा फोटो काढत. एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मोठ्या अक्षरांत ५०० वॅट. बाजूच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या लाइनला १६ अँपिअर. गुणाकार करा: १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच लाइनवर चालतात. चांगलं कार्ड नंतर घालू म्हटलं तरी हा एसएमपीएस त्याला पुरला नसता.

दुकानदाराचं म्हणणं, “रिफर्बिश्ड आहे, या किमतीत अजून काय येणार?” जुनं मशीन विकण्यात काहीच गैर नाही. टायपिंगला, दुकानाच्या हिशोबाला जुनं मशीन मस्त चालतं. पण मग जुनं म्हणून सांगा आणि जुन्याचा भाव लावा. आमच्या बिलावर काय होतं? ‘कॉम्प्युटर सेट, १ नग.’ जीएसटी नंबर नाही, मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही.

सगळ्यांनी सुटे पार्ट घेऊन स्वतःच जोडावं, असं माझं म्हणणं नाही. नामांकित कंपनीचा सीलबंद पीसी घ्या, सगळ्याला मिळून एकच वॉरंटी असते, घरात कुणी जाणकार नसेल तर तेच बरं. जोडून घ्यायचा असेल तर मुंबईत कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या दुकानात, पण प्रत्येक पार्टचा खोका तुमच्यासमोर फुटला पाहिजे आणि बिलावर प्रत्येकाचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर आला पाहिजे. मग वॉरंटी दुकानदाराच्या तोंडावर राहत नाही, त्या त्या कंपनीची असते. इंटेलच्या खोकाबंद प्रोसेसरला तीन वर्षांची असते. खोक्याशिवाय सुट्या विकल्या जाणाऱ्या ‘ट्रे’ प्रोसेसरला इंटेल ग्राहकाला थेट वॉरंटी देत नाही. खरी भीती आहे ती या दोन्हींच्या मधल्या मालाची: अनोळखी दुकानाने आधीच जोडून ठेवलेला, आत काय आहे ते बंद आणि वर स्टिकर चमकणारा. तो घ्यायचाच झाला तर पेन ड्राइव्हवर सीपीयू-झेड, जीपीयू-झेड आणि डिस्क तपासणारं क्रिस्टलडिस्कइन्फो घेऊन जा. एसएसडी आधी किती तास चालली आहे, तेही त्यात दिसतं. दुकानदार लावू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

फसला असाल तर मशीन परत पाठवायची घाई करू नका, पुरावा हातचा जातो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, यूपीआयची पावती आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसलेल्या माहितीचे फोटो जपून ठेवा. आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. दुकानदाराने निम्मे पैसे देऊ केले, ते दादाने नाकारले. आता ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे दुकान पुण्यात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ज्यांच्याकडे असंच ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ लिहिलेलं बिल असेल, त्यांनी आजच आपलं मशीन तपासून बघा.