‘सीई’ ही दोन अक्षरं पाहून मी १४,६९७ रुपये घालवले

हे लिहायला मला अडीच महिने लागले. डावं कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही हे एक कारण, आणि लाज वाटत होती हे दुसरं आणि खरं कारण. मी पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. आलेल्या मालाच्या पिंपावरचं लेबल, बॅच नंबर आणि सोबतचं सर्टिफिकेट जुळवून बघायचं, एक आकडा चुकला तरी माल परत पाठवायचा, हे गेली चौदा वर्षं करते आहे. आणि मोटारसायकलवरून पडलं तर अंग वाचावं म्हणून स्वतःच्या अंगावर चढवायच्या जॅकेटचं लेबल मी वाचलं नाही.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. माझ्याकडे साडेतीनशे सीसीची गाडी आहे, कामावर जाते तीही त्यावरच, आणि पावसाळ्यातले रविवार महू, जाम गेट, चोरल, मांडू यातल्या कुठल्या तरी रस्त्यावर जातात. जॅकेट घ्यायचं दोन वर्षं चाललं होतं. आता कुणी म्हणेल, दुकानात जाऊन घालून बघून का नाही घेतलं? बाईच्या मापाचं जॅकेट शोधून दाखवा, मग बोला. मी इथली पाच दुकानं पालथी घातली. पुरुषांचं सगळ्यात लहान माप खांद्यात सैल होतं, कमरेखाली चेन लागत नाही आणि बाह्या इतक्या लांब की कोपराचं पॅड मनगटाकडे उतरतं. एका दुकानदाराने तर सरळ सांगितलं, ‘लेडीज का कौन रखेगा, साल में दो बिकते हैं.’ आमचे हे म्हणत होते की दिवाळीत पुण्याला वन्संकडे जाऊ तेव्हा तिथेच घेऊ. मला धीर नव्हता, कबूल करते. पण गरज खोटी नव्हती.

अशा वेळी मोबाईलवर ते पेज आलं. ‘लेडीज कट, मेजरमेंट भेजो, सीई लेवल टू.’ सीई म्हणजे माल युरोपातल्या सुरक्षेच्या नियमांना उतरतो याची खूण. पत्ता दिल्लीच्या करोल बागेतला. गाडीच्या सामानाचा तिथला बाजार नावाजलेला, त्यामुळे पत्ता वाचून विश्वासच वाढला. जॅकेट ८,४९९, पँट ४,२९९, ग्लोव्हज १,५४९ आणि कुरिअरचे ३५०. एकूण १४,६९७. पाच हजार आधी, उरलेले ९,६९७ माल निघायच्या आधी. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. फरक एवढाच की माझा माल आला. वेळेवर आला, छान खोक्यात आला, आणि त्यामुळेच मी फसले हे कळायला महिना लागला.

तो क्षण मला रोज आठवतो. २८ जून, शनिवारची संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात उभी, फोन डब्याला टेकवून ठेवलेला, व्हिडिओ कॉलवर तो मुलगा जॅकेट उलटंसुलटं करून दाखवतो आहे. मी म्हटलं, पॅड बाहेर काढून दाखवा. एवढं तरी मी विचारलं होतं! त्याने कोपराच्या खिशातून पॅड काढलं आणि पोळीसारखं दुमडलं. काळं, मऊ, वर ‘सीई’ ठसठशीत उमटवलेलं. मी म्हटलं, हे तर फारच मऊ आहे. तो म्हणाला, ‘मैडम, नई टेक्नोलॉजी है. हाथ में सॉफ्ट, गिरने पे हार्ड.’

हे साफ खोटं असतं तर मी पकडलं असतं. पण अशी पॅडं खरोखर असतात. डी३ओसारख्या कंपन्यांची चांगली पॅडं हातात मऊच लागतात आणि आघात झाला की क्षणभर घट्ट होतात. मी ते वाचलं होतं, म्हणून मला वाटलं, मुलाला माहिती आहे. अर्धवट माहिती असलेल्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं असतं, हे आता कळतंय. पॅड बोटाने दाबून खरं-खोटं ओळखता येत नाही. त्यावर छापलेल्या आकड्यानेच ते ओळखता येतं. आणि त्या पॅडवर आकडा नव्हता. स्क्रीनवर सगळं पॅड माझ्यासमोर होतं, दोन अक्षरं सोडून बाकी कोरं. मला ते दिसलं. दिसलं आणि मी विचारलं नाही. कुकरची शिट्टी झाली, तो म्हणाला ऑफर रात्रीपर्यंतच आहे, मी पैसे पाठवले. त्या पेजवर प्रतिक्रिया बंद ठेवलेल्या होत्या, तेही दिसलं होतं. ज्या पेजवर प्रतिक्रिया बंद आहेत तिथून रुमालसुद्धा घेऊ नका.

रविवार, ३ ऑगस्ट. त्याच आठवड्यात इंदुरात हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा आदेश लागू झाला होता. पंपावर सगळे माझ्याकडे बघत होते, डोक्यापासून पायापर्यंत कशी तयार आहे म्हणून. महूवरून बडगोंद्याच्या पुढे, जाम गेटच्या अलीकडे, एका वळणावर पावसाने वाहून आलेली बारीक खडी पसरली होती. वेग चाळीसच्या आसपास. पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या कुशीवर पडून घसरत गेले. चार-पाच मीटर, जास्त नाही.

उठून बसले तेव्हा पहिल्यांदा बाही बघितली. कोपराची शिवण खांद्याच्या दिशेने वीतभर उसवली होती. एकेरी शिवण, तीही साध्या दोऱ्याची. कापड फाटलं नव्हतं, वितळलं होतं. कडा चिकट आणि कडक झाल्या होत्या, प्लॅस्टिकची पिशवी दिव्याजवळ धरल्यावर होतात तशा. पॅड कोपरावर नव्हतंच. ते फिरून दंडाच्या आतल्या बाजूला गेलं होतं आणि कोपराची कातडी खडीवर सोलली गेली होती. पॅडचं वरचं आवरण सुटलेलं, आत बोटभर जाडीचा स्पंज. चपलेच्या तळव्यात असतो तसला.

डोक्याला काही झालं नाही. कारण हेल्मेट घेताना त्यावरचा आयएसआयचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, नंबर मी भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासला होता. हेल्मेटला ही अक्कल होती, जॅकेटला कुठे गेली होती, हा प्रश्न हे विचारत नाहीत, पण घरात तो आहेच. कोपराच्या हाडाला बारीक चीर गेली. तीन आठवडे हात गळ्यात. एक्स-रे, मलमपट्टी, औषधं आणि फिजिओ मिळून ११,३४०. गाडीचे ६,८५०. त्या सगळ्या खरेदीसकट ३२,८८७ रुपये. एवढ्यात मी पुण्याला जाऊन, वन्संकडे आठ दिवस राहून, उत्तम जॅकेट घेऊन आले असते.

हात गळ्यात असताना मी ते सगळं वाचलं जे आधी वाचायला हवं होतं. जॅकेटचं सर्टिफिकेट वेगळं आणि पॅडचं वेगळं. जॅकेटचं युरोपीय मानक ईएन १७०९२. त्यात वर्ग आहेत, एएए, एए, ए, बी आणि सी. बी वर्गात पॅड नसतात आणि सी म्हणजे नुसत्या पॅडांचा सांगाडा, घसटीपासून त्यात संरक्षण नाही. कोपर, खांदे यांसारख्या सगळ्यात धोक्याच्या जागांसाठी एएए वर्गाच्या घसटीच्या चाचणीत ताशी १२० किलोमीटर वेग धरतात, एएला ७० आणि एला ४५. पुन्हा वाचा. पूर्ण संरक्षणाच्या वर्गांत सगळ्यात खालचा जो ए, त्याचीही चाचणी ४५ला असते आणि मी चाळीसला सोलून निघाले. मला ‘सीई लेवल टू’ सांगून विकलेल्या जॅकेटचं कापड कुठल्याच वर्गातलं नव्हतं.

पॅडचं मानक ईएन १६२१. खांदा, कोपर, गुडघा, खुबा यांना १६२१-१ आणि पाठीला १६२१-२. ५० जूलचा आघात करून पलीकडे किती जोर पोचतो ते मोजतात. कोपराच्या पॅडला लेव्हल वनमध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल टूमध्ये २०पर्यंतच. खऱ्या पॅडवर हे मानक, कुठल्या अवयवाचं पॅड आहे त्याचं अक्षर आणि लेव्हल, सगळं छापलेलं असतं. जॅकेटच्या आतल्या लेबलावर मोटारसायकलस्वाराचं चित्र, ईएन १७०९२ आणि वर्गाचं अक्षर. नुसतं ‘सीई’ कुणीही छापू शकतं. आणि ‘सीई आर्मर’ लिहिलेलं असलं तर ते पॅडाबद्दल आहे, जॅकेटबद्दल नाही, हे दुकानदार मुद्दाम गुळमुळीत ठेवतात. पाठीच्या खिशात बहुतेकदा नुसता फोम असतो, तो उघडून बघा. ग्लोव्हजवर ईएन १३५९४ शोधा, बुटांवर ईएन १३६३४.

त्या मुलाला मी फोटो पाठवले. पहिलं उत्तर, ‘मैडम आप गिरी कैसे?’ दुसरं, ‘वारंटी में एक्सीडेंट नहीं आता.’ मी पक्कं बिल मागितलं तेव्हा एक जीएसटी नंबर पाठवला. दिल्लीचा नंबर ०७ने सुरू व्हायला हवा, पहिले दोन आकडे राज्याचे असतात. हा ०९ने सुरू होत होता, म्हणजे उत्तर प्रदेशचा, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर निघालं भलतंच, कागद-स्टेशनरीचं दुकान. हे तपासायला मला दोन मिनिटं लागली. पैसे देण्याआधीही दोनच लागली असती. त्यानंतर मी ब्लॉक.

आता पुढचं ऐका, कारण खरा संताप इथे आहे.

१९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तेव्हा पैसे जाऊन सहा आठवडे होत आले होते. हा नंबर पहिल्या काही तासांत लावायचा असतो, पैसा पुढे सरकायच्या आत. तक्रार नोंदली गेली आणि ती आमच्या भागातल्या ठाण्याकडे आली. ठाण्यात मी हात गळ्यात घेऊन गेले. दीड तास बाकावर बसले. मग विचारलं गेलं, ‘सामान मिल गया ना मैडम? फिर फ्रॉड कैसे?’ मी पिशवीतून जॅकेट काढलं, स्पंज दाखवला, रक्ताचा डाग दाखवला. समोरच्या माणसाने पॅड दाबून बघितलं आणि म्हणाला, अच्छा ही तो है. मी मानकं सांगायला लागले तर मला म्हणे, घरातल्या कुणा पुरुषमाणसाला पाठवा, त्यांच्याशी बोलतो. एक्केचाळीस वर्षांची बाई, स्वतःच्या पैशाने घेतलेलं जॅकेट, स्वतःचं मोडलेलं हाड, आणि बोलायला पुरुषमाणूस हवा! शेवटी सांगितलं, हे ग्राहकाचं प्रकरण आहे, इथलं नाही.

बँकेत गेले. पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या मर्जीचा, आम्ही काही करू शकत नाही. एवढंच ऐकायला चाळीस मिनिटांचं टोकन. मग आणखी एका कार्यालयात. तिथे म्हणाले, विकणाऱ्याचा पत्ता आणा. अहो, पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते? पत्ता शोधणं पोलिसांचं काम आणि पोलीस म्हणतात ग्राहकाचं प्रकरण! तिथून परत ठाण्यात. ठाण्यात नवे साहेब आलेले, त्यांना पहिल्यापासून सांगा. त्यांनी अर्जाची पोच मागितली, जी पहिल्यांदा दिलीच नव्हती. सहा फेऱ्या, सहा अर्ध्या दिवसांच्या रजा. यातला एकही माणूस वाईट बोलला असं नाही, पण एकानेही ते जॅकेट उलटून लेबल वाचलं नाही. हेल्मेटला २०२१च्या जूनपासून आयएसआय सक्तीचं आहे म्हणून त्याचं नाव काढलं की निदान समजतं. जॅकेट म्हटलं की सगळ्यांना ती हौस वाटते.

अर्जाची पोच शिक्का मारून घेतल्याशिवाय कुठलंही टेबल सोडू नका.

शेवटी ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून मीच तक्रार भरली. वकील लावला नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, दिल्लीला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. चॅट, पैशांच्या पावत्या, खोक्यावरची कुरिअरची चिठ्ठी, सगळं जोडलं. ती चिठ्ठी मी फेकली नव्हती म्हणून माल कुठल्या केंद्रातून निघाला ते तरी कळलं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि खोकं महिनाभर ठेवा.

एक आणखी, मापाबद्दल. बायकांनी जॅकेट घालून उभं राहून बघू नये. गाडीवर बसा, हँडल धरा, कोपर वाकवा, आणि मग दुसऱ्याला पॅड पकडून फिरवायला सांगा. फिरलं तर ते जॅकेट परत. दंडाला आवळायचे पट्टे हवेतच. माझ्यात होते, पण आवळले की शिवणीत ताण येत होता, तेव्हाही मला वाटलं की माझाच दंड जाड आहे.

जॅकेट सासूबाईंनी दोनदा धुवायला काढलं, मी दोन्ही वेळा परत घेतलं. ते पुरावा आहे. कपाटात जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं आहे, खडीची माती अजून शिवणीत आहे. त्या पेजने नाव बदललं आहे, फोटो तेच आहेत, गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने मला तेच जॅकेट पाठवून विचारलं, ‘हे कसं वाटतं गं?’ मी तिला पॅडचा फोटो पाठवला. तिने तोवर दोन हजार भरलेले होते. तिने लगेच १९३०ला फोन लावला. माझ्या तक्रारीची पहिली तारीख अजून पडायची आहे.